बिरोबाच्या मुखवट्याचे आटे

भिकनचा उजवा हात थरथरतो, हे त्याच्या बायकोला, पुतळाबाईला, आधी बशीवरून कळलं. चहाचा कप बशीत वाजायला लागला होता. ती त्याला चहा पेल्यात द्यायला लागली.

करमाडच्या पलीकडं मेंढरांमागं हिंडणाऱ्या घरातला हा माणूस. मेंढरं विकली तेव्हा तो चिकलठाण्याच्या एका वर्कशॉपमधे झाडलोटीला लागला, आणि बघून बघून फिटर झाला. आता घरामागं पत्र्याची शेड, एक ड्रिल मशीन, भिंतीला कानशी. पण बारीक कामं तो हल्ली गुपचूप दुसरीकडं धाडायचा.

एक काम मात्र धाडता येईना. यात्रा तोंडावर आली, आणि गावचे पुजारी, त्याचे चुलते फकिरातात्या, बिरोबाचा पितळी मुखवटा घोंगडीत गुंडाळून शेडमधे घेऊन आले.

"गेल्या साली पालखीत देवाची मान हलली," तात्या म्हणाले. "मागच्या भोकांतले आटे गेलेत. लाकडी बैठकीचे स्क्रू धरत नायत."

"कंपनीतल्या कुणाकडून घेऊ का करून?" भिकननं विचारलं.

"तुझ्या आज्यानं लोहाराचं हत्यार मागून आणून ह्ये आटे पाडले. ह्या घराबाहेरच्या हातानं देवाला हत्यार लागत नाय."

भिकननं हात पुढं केला. "तात्या, हात तर बघा."

"बघितला. माझं गुडघं बघतो का? तरी पालखीपुढं मीच चालतो."

भोकं तयार होती, त्यांत एक नंबर मोठे आटे पाडायचे होते. पण आटे पाडायचा काडीएवढा टॅप जरा कलला की तुटतो, आणि आत अडकला तर निघत नाही. खोल गेला तर देवाच्या गालातून बाहेर. मुखवटा एकदा खंडित झाला की त्याला पाण्यात सोडायचं, पालखीत बसवायचं नाही. पुतळाबाई हे ऐकत दारात उभी होती. लग्न होऊन आली तेव्हा तिनं ह्याच तोंडापुढं पहिला नारळ ठेवला होता.

भिकननं पितळेच्या टाकाऊ तुकड्यावर हात चालवून पाहिला. टिक. एवढाच आवाज झाला. तुटलेला टॅप बघत तो बराच वेळ बसला, जेवायलाही उठला नाही.

सकाळी ती शेडमधे गेली, तर तो साबणाच्या वडीएवढा लोखंडी ठोकळा कानशीनं घासत होता. घासायचा, काटकोनाचा गुण्या लावून उजेडाकडं धरायचा, परत घासायचा. मग मशीनवर ठोकळ्याच्या मधोमध एक सरळ भोक पाडलं, टॅप त्यातून जेमतेम सरकेल एवढं.

"ह्ये काय?"

"म्हाताऱ्याला काठी लागती का नाय? ही हाताची काठी. टॅपला कलायला जागाच नाय ठेवली. आन टॅपची मूठ ठोकळ्याला टेकली की थांबायचं, म्हंजे गाल वाचला."

आता मुखवटा धरायचा कशात? शिकंज्याकडं बघून तात्यांनी मान हलवली. "देवाचं तोंड आवळायचं नाय. पालथंही नाय घालायचं."

पुतळाबाईनं परात आणली. ज्वारी भरली, वर भंडारा शिंपडला. "भंडाऱ्यात देव पालथा नसतो, तात्या. न्हातो."

तात्यांनीच मुखवटा उचलून परातीत ठेवला. मुखवटा ज्वारीत रुतून बसला. ठोकळा मात्र दोन्ही हातांनी दाबून धरायला माणूस हवं होतं, आणि तात्यांचा हात तर भिकनपेक्षा जास्त हलायचा. ती पुढं झाली.

"बायकांनी मुखवट्याला हात लावायचा नाय," तात्या सवयीनं बोलले.

"मी लोखंडाला धरते. देवाला ह्यांनी बघावं."

भिकननं तेलाचा थेंब सोडला. अर्धा फेरा पुढं, थोडं मागं. परत पुढं. त्याचं मनगट थरथरत होतं, तिला ते अगदी जवळून दिसत होतं. पण ती थरथर ठोकळ्याशी येऊन थांबायची. खाली टॅप देवळातल्या समईसारखा ताठ उतरत होता. बारीक सोनेरी कीस ठोकळ्याखालून तिच्या बोटांवर आला. ह्या माणसाशेजारी ती इतकी वर्षं झोपली होती, पण तो रोज काय करतो हे आज पहिल्यांदा बघत होती. लोखंडाचा एक मुका तुकडा, आणि त्याला सरळ म्हणजे काय ते ठाऊक. हे ह्यांनी शिकवलं का देवानं, तिला काही सांगता येईना. सगळ्या भोकांचे आटे झाले तरी तिचे हात ठोकळा सोडेनात.

"सोड आता," भिकन हळूच म्हणाला.

मुखवटा लाकडी बैठकीवर चढला. स्क्रू आवळले. तात्यांनी बैठक गदागदा हलवली. देव हलला नाही. तात्यांनी फक्त टोपी काढली.

पुतळाबाईनं भंडाऱ्याचं बोट ठोकळ्यालाही लावलं.

"गिऱ्हाइकं हसतील," भिकन म्हणाला.

"हसू द्या. पुसू मात्र नका."

त्या दिवशी तिनं चहा कपबशीत दिला. कप बशीत वाजत राहिला. भिकननं तिच्याकडं बघितलं, मग निवांत प्यायला.