पोरगा परत येतो ती कॅसेट

नाटक मंडळातले किस्से रंगपेटीतल्या दाढीमिशांसारखे असतात. वर्षानुवर्षं साठतात, एकमेकांत गुंततात, एक ओढावी तर चार बाहेर येतात. आमच्या झाडीपट्टीतल्या मंडळाचं तर विचारूच नका! पण त्या कॅसेटचे किस्से मी वेगळे ठेवलेत.

आपली शांतिसेना श्रीलंकेत होती तेव्हाची गोष्ट. आमच्या नाटकात राणी होणाऱ्या सुमनबाईंचा एकुलता एक मिलिंद तिकडे शिपाई होता. त्याचं पत्र आलं, "माय, इथी व्हीसीआर आहे. पोरं लय उदास राह्यते. आपलं काहीतरी पाठव ना."

दिग्दर्शक रामाजीभाऊंच्या अंगातच आलं. "आपलं किल्ल्याच्या राणीचं नाटक! त्याचीच फिल्म काढू. जवानाईले जोर आला पाह्यजे!"

*

कॅमेरा बल्लारपूरच्या यासीनभाईंचा. त्यांनी आजवर फक्त लग्नं काढलेली.

पहिल्याच दिवशी लढाई होती. दोन्ही सैन्यं तलवारी उपसून उभी. यासीनभाईंनी कॅमेऱ्याला डोळा लावला आणि सवयीनं ओरडले, "सब लोग थोडा मुस्कुराइए!"

शत्रूचं अख्खं सैन्य हसलं. रामाजीभाऊ कपाळाला हात लावून खाली बसले.

*

सेनापती झालेले गुलाबभाऊ भर उन्हात धारातीर्थी पडले. सीन संपला, आम्ही मोहाच्या सावलीत चहाला बसलो. गुलाबभाऊ तिकडे पडलेलेच! घाबरून जवळ जाऊन हलवलं, तर डोळे न उघडता म्हणाले, "पडदा काऊन नाई पडून राह्यला?"

इतक्या वर्षांत पडद्याशिवाय हा माणूस मेल्यावर कधी उठलाच नव्हता!

*

मूळ नाटकात युवराज रणात पडतो आणि दूत येऊन राणीला सांगतो. तो दूत मी. पंधरा वर्षं मी सुमनबाईंपुढे मान खाली घालून ते एकच वाक्य बोललो. त्या अशा रडायच्या, की मला पुढे घास गिळवत नसे.

रामाजीभाऊंनी ते पान फाडलं. "पोरं तिथी जीव मुठीत धरून बसले, अन् आपण त्याहिले मेलेला पोरगा दाखवाव? नाई! युवराज जिंकून घरी येते."

माझं काम गेलं. खरं सांगतो, सुटल्यासारखं वाटलं.

*

नवा शेवट. युवराज दारात उभा. राणीनं ओवाळून म्हणायचं, "ये वीरा, तुझ्या तलवारीनं या मातीची लाज राखली!"

सुमनबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, हातातलं ताट खाली ठेवलं आणि विचारलं, "जेवला का रे?"

"कट!" रामाजीभाऊ ओरडले.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदाही तेच. "बाई, राणी असं बोलते का?"

"मले दुसरं काई सुचतच नाई, भाऊ."

यासीनभाईंनी कॅमेरा खाली घेतला. "रहने दो भाऊ. मेरी अम्मी भी यही पूछती."

राहू दिलं.

*

कॅसेट पोचल्याचं मिलिंदनं कळवलं. "लढाई पाहून सारे हासते. पण तू विचारते ती जागा रोज रिवाइंड करून पाह्यते. पंजाबी, मद्रासी, साऱ्याईले मी अर्थ सांगतला, अन् उत्तरबी शिकवलं."

सुमनबाईंनी ते पत्र मंडळात प्रत्येकाकडून एकेकदा वाचून घेतलं.

*

त्यानंतर तार आली. इंग्रजीत. सुमनबाईंनी ती माझ्याच हातात दिली.

मान खाली घालून मी त्यांच्यापुढे उभा राहिलो. पंधरा वर्षं पाठ असलेलं वाक्य तोंडातून निघेना. त्या समजल्या. रडल्या मात्र नाहीत. तार माझ्या हातातून घेतली, घडी केली आणि आत गेल्या.

पुढे महिनाभरानं दोन जवान बसमधून उतरले. एक सरदारजी, एक मद्रासकडचा. दोघांच्या मध्ये काळी पत्र्याची पेटी, तिच्यावर पांढऱ्या अक्षरांत मिलिंदचं नाव. मराठीचा गंध नाही. मीच त्यांना घरी घेऊन गेलो.

पेटी ओसरीवर ठेवून दोघे अवघडून उभे राहिले. सुमनबाई बाहेर आल्या. पेटीकडे पाहिलं, मग दोघांच्या तोंडाकडे.

"जेवले का रे पोरंहो?"

दोघे एकदम म्हणाले, "जेवलो, माय."