आरशातला काठ

आमच्या बाबांना काही सांगायला जा, ते मान हलवतात आणि आपल्या मनाचंच करतात. प्रताप नगरात आमच्या शेजारच्या आंटी केरळच्या, रिटायर झालेल्या नर्स. मुलीच्या लग्नाच्या साडीवर त्यांना काठाला प्रार्थनेची ओळ हवी होती, अरामी भाषेतली. येशू बोलायचे ती भाषा, आंटींच्या चर्चमध्ये अजून तिच्यात गातात. लिहायची उजवीकडून डावीकडे.

"माझ्यानंतर घरात हे वाचणारं कोणी नाही," आंटी म्हणाल्या. "पोरीला शिकवून थकले. निदान अंगावर तरी राहू दे."

बाबा उमरेडचे कोष्टी. आंटींनी त्यांनाच ओळ कागदावर लिहून दिली. बंद पडलेला माग त्यांनी पुन्हा लावला आणि साडी होईस्तोवर कोणाशी धड बोलले नाहीत. साडी उतरली, मी बघतच राहिले. सोनेरी, वळणदार अक्षरं. मग दुसरा काठ पाहिला आणि माझं डोकंच फिरलं. ओळ तीच, पण आरशात दिसावी तशी उलटी.

"बाबा, हे काय करून ठेवलं?"

"काहून? काठ समोरासमोरच राहतात. या काठाचा मोर त्या काठाच्या मोराकडे पाहत नाही का?"

"हे मोर नाहीत, अक्षरं आहेत."

बाबांनी दोन्ही काठ शेजारी धरून पाहिले आणि कपाळावर हात मारला. लग्न आठवड्यावर आलं होतं, दुसरी विणायला वेळ नव्हता.

मान खाली घालून मी साडी नेऊन दिली. आंटींनी काठावरून बोट फिरवलं आणि चहा ठेवायला गेल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पोरगी मात्र काठ उलटसुलट करून पाहत होती.

"आई, सुलटा कोणता? नेसताना तोच दिसला पाहिजे ना."

"वाचता आलं तर कळेल."

"मग शिकव ना वं."

आंटी चहा विसरल्या. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी भिंतीपलीकडून आलप, बेथ, गामल अशी मुळाक्षरं ऐकू यायची. बाबा अंगणात खुर्ची टाकून बसायचे. "शिकून राहिली पोरगी," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, जसं काही मागावर त्यांनीच बसवलं तिला. मला इतका आनंद झाला होता की मी त्यांच्याशी भांडणंच सोडलं.

लग्नाच्या सकाळी मी तिच्या निऱ्या करत होते. सुलटा काठ तिने स्वतः ओळखून बाहेर ठेवला. मग आरशासमोर उभी राहून तिने उलटा काठ हातात धरला. आरशात तो सरळ दिसत होता. बोट ठेवून, अडखळत, तिने ओळ वाचली.

"काकाजी, हा मला आरशात वाचायला विणला का?" तिने दारात आलेल्या बाबांना विचारलं.

"नाही वं, चुकलो होतो," बाबा म्हणाले आणि हसले.

आंटींनी डोळे पुसले. "परत वाच," त्या म्हणाल्या.

तिने परत वाचली, या वेळी न अडखळता.