जागा तीच, झाड तेच

पौषातली सकाळ होती. कचेरीत जाण्याआधी अर्धा तास सरकारी बागेत बसायचं ही माझी सवय, तसा गेलो, तर आमचा बाक रिकामा होता. समोर गंगूबाई गुलाबाच्या वाफ्यात खुरपं घेऊन बसली होती, पण हात चालत नव्हता. मी विचारलं, "आप्पा आले नाहीत?" तिने मान वर न करताच सांगितलं, "आप्पा गेले बाबूजी. पहाटे. चहा मांगला अन् यायच्या आंधी गेले." एवढं बोलून ती पुन्हा निंदायला लागली. मी बाकावर बसलो... आणि खरं सांगतो, मनात पहिला विचार आला तो असा की आता अशोकाचं काय ते कोणाला विचारायचं? माणूस गेला आणि मला झाडाची पडली होती. स्वतःची लाज वाटली. पण आप्पांना हे कळलं असतं तर ते हसले असते, कारण आम्हा दोघांची मैत्रीच मुळी त्या झाडाभोवती होती.

सुपडू भिका माळी हे त्यांचं पूर्ण नाव. भावंडं वाचत नव्हती म्हणून जन्मल्यावर सुपात घालून ओढलं, ते नाव सुपडू. राहणं सिंधीपुऱ्यात, एका खोलीत. बुऱ्हाणपूरच्या आमच्या विश्रामगृहाची बाग त्यांच्या वडिलांनी, भिका माळ्याने उभी केली आणि पुढे ती आप्पांकडे आली. मी त्या कचेरीतला कारकून. बाग, विश्रामगृह, चौकीदार, माळी, सगळ्यांची कागदपत्रं माझ्याकडे. अक्षर माझं चांगलं, हिशेब पक्का, आणि चुकीची नोंद दिसली की मला जेवण जात नाही. घरचे म्हणतात, या माणसाला कोथिंबिरीच्या जुडीचीसुद्धा पावती लागते. आप्पांचं सगळं याच्या उलट. त्यांना तारीख ठाऊक नसे, वार ठाऊक नसे. "हे कधीचं?" असं विचारलं तर उत्तर येई, "विलायती चिंच पडली ना, त्याच्या दुसऱ्या साली." आता विलायती चिंच कधी पडली ते कोणाला विचारायचं?

आप्पांचे केस फार लवकर पिकले. मी नोकरीला लागलो तेव्हा मिशा काळ्या आणि डोकं पांढरं, असं त्यांचं ध्यान होतं. गंगूबाई त्यांच्याहून पुष्कळ लहान, निंदणीच्या कामावर आलेली, पण जिभेला हाड नाही. दुपारी विहिरीजवळच्या बकुळीखाली भाकरी खाताना त्या दोघांचं जे चालायचं ते ऐकायला मी मुद्दाम डबा घेऊन तिथे जायचो. एकदा आप्पा म्हणाले, "गंगे, तुह्या भांगात आज पह्यला पांढरा दिसला मले." ती म्हणाली, "तुमचा पह्यला तं कोनी पाह्यलाच नाई. सगळे एकदमच उगवले, कोथमिरीसारखे." आप्पा भाकरी मोडत राहिले. मग म्हणाले, "मानूस पिकला की त्याच्यात काई राहत नाई. अन् अशोकाचं पाय. त्याले फूल येते ते जुन्या लाकडाले. नव्या फांदीले नाई." गंगूबाई म्हणाली, "मंग थांबा जरासे. तुमच्या डोक्यावरबी येईन."

अशोक म्हणजे रस्त्याकडेला असतो तो उंच, सरळसोट नव्हे. खरा अशोक, सीतेचा. इच्छापूरच्या चैत्रातल्या जत्रेत एका वैदूने आप्पांना त्याच्या चार-पाच बिया दिल्या होत्या. दोन रुजल्या. त्यातलं एक रोप त्यांनी बागेत, पाटाच्या वळणावर लावलं आणि दुसरं घरी तुपाच्या डब्यात ठेवलं. "सात साल लागतील," असं त्यांनी मला सांगितलं. मी झाडांच्या वहीत नोंद घेतली. आमच्या बागेत ही वही फार जुनी. कोणतं झाड, कोणत्या जागी, कोणत्या साली. इंग्रज साहेबाच्या काळापासूनची. आप्पांना वहीचं कौतुक नव्हतं, पण अशोकाची नोंद घेताना ते माझ्या खांद्यावरून वाकून पाहत होते. "फूल आलं का तेबी लिहा भाऊ," ते म्हणाले. आपल्या हाताने लावलेलं झाड आपल्या हाताखाली फुलावं, आणि ते वहीत लागावं, एवढी एकच इच्छा मी त्या माणसाच्या तोंडून ऐकली.

मग प्रांत बदलला. आम्ही नागपूरचे होतो ते भोपाळचे झालो. इच्छापूरच्या पलीकडे वेगळं राज्य आणि अलीकडे आम्ही. कचेरीतल्या रावसाहेबांचे बाबूजी झाले, अर्जाची प्रार्थनापत्रं झाली. मराठी फाइली हिंदीत उतरवता उतरवता माझी बोटं दुखून आली. त्यातच वरून हुकूम आला की शिपाई, चौकीदार, माळी, सगळ्यांची सर्व्हिस बुकं नव्याने करा, जन्माचं साल पुराव्यानिशी भरा. आप्पांकडे कुठला पुरावा? विचारलं तर म्हणाले, "माय सांगे, विहिरीपाशी बकुळी लावली त्या साली मी झालो." मला कोण आनंद झाला! बकुळी म्हणजे नोंद असणारच. मी ट्रंक उघडली, वही काढली, धूळ झटकली आणि शोधलं. विहिरीजवळ, बकुळ, एक. लावणार भिका माळी. समोर साल. ते पाहून मी वय काढलं तर आप्पांची नोकरी त्याच मार्चअखेर संपत होती. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण नोंद ती नोंद.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे हजर व्हायचं होतं. आप्पा आले ते डोक्याला मेंदी लावून. पांढऱ्या केसांवर मेंदी कशी चढते ते सगळ्यांना माहीत आहे. भगवं लाल डोकं घेऊन ते दारात उभे, आणि आमची सारी कचेरी तोंडात रुमाल कोंबून बसलेली. गंगूबाई खिडकीबाहेरून ओरडली, "आप्पा, फागुनाच्या आंधीच पळस फुलला का?" साहेब नवे होते, पलीकडच्या जिल्ह्यातून आलेले. त्यांनी आप्पांकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं आणि म्हणाले, "ये तो रजिस्टर से भी बूढ़ा दिखता है। लिख दो, बाबूजी।" मी लिहिलं. एकदा आप्पांनी तोंड उघडलं होतं, एवढं मला आठवतं. खिडकीतून विहीर दिसत होती, तिकडे पाहिलं आणि मिटलं. मला वाटलं, म्हाताऱ्याला हौस आली असेल तरुण दिसायची. पुढे कित्येक दिवस मी ती गोष्ट लोकांना हसून सांगत असे.

मार्चअखेर आप्पा रिटायर झाले. अशोक तेव्हा पाच वर्षांचा होता. लगेच मला फाइलींच्या ट्रंका घेऊन भोपाळला जावं लागलं आणि परत यायला दसरा उजाडला. आलो त्या दिवशी बागेत गेलो तर आप्पा बाकावर बसलेले, डोकं पुन्हा पांढरं. घरची झारी शेजारी होती. तिच्या कानाला फडकं गुंडाळलेलं. "आता मी पाव्हना," ते म्हणाले. अशोक मला जरा ठेंगणा वाटला. विचारलं तर म्हणाले, "जेठात शेंडा जयला. खालून छाटला." मी मान हलवली. कारकुनाला झाड म्हणजे वहीतली एक ओळ, उंची कोण लक्षात ठेवतो!

तिथून आमची खरी मैत्री सुरू झाली. सकाळचा अर्धा तास तो बाक आमचा. माझेही कानशिलाचे केस आता पांढरे होऊ लागले होते आणि आप्पांना त्याचं फार कुतूहल. "कारकुनाचे बाजूनं पिकतात, माळ्याचे वरून. ऊन लागते ना," असा त्यांचा सिद्धांत. शिंप्याचे कसे पिकतात, सराफाचे कसे, यावर आमचे किती अर्धे तास गेले असतील. मी त्यांना माझी एक गंमत सांगितली होती. शाळेत नाव घालताना मास्तरांनी वडिलांना न विचारता मला दोन वर्षांनी लहान करून टाकलं, जन्मतारीख जूनची पहिली. आमच्या अर्ध्या वर्गाची तीच. आप्पा पोट धरून हसले. "म्हंजे तुमी कागदावर अजून कोवळे!"

आणि दर फाल्गुनात माझा एकच प्रश्न. सातवं वर्ष उलटलं, आठवं उलटलं, अशोकाला फूल नाही. मी बुंध्याशी वाकून गाठी शोधायचो, शेतकी खात्यातल्या ओळखीच्याला पत्र लिहायचो, चांदनीच्या जंगलातलं पालापाचोळ्याचं खत आणवायचो. माझा हिशेब चुकत नव्हता, मग झाड का चुकत होतं? "आप्पा, यंदा?" असं विचारलं की ते हातातली झारी हलवत म्हणायचे, "यंदा नाई भाऊ. त्याचं वय नाई झालं." "अहो, वहीत पाहिलंय मी. नऊ वर्षं झाली!" मग ते माझ्याकडे असं काही बघायचे की मला वाटायचं, हा माणूस मला खेळवतोय. रागही यायचा. असे सहा वसंत गेले.

आप्पांचा दहावा झाल्यावर मी सिंधीपुऱ्यात त्यांच्या घरी गेलो. खोलीत भिंतीवर चौकटीत एक जुनं इंग्रजी पत्र लावलेलं. घरच्यांनी मला ते वाचून दाखवायला सांगितलं. कोण्या साहेबाने विलायतेला परत जाताना भिका माळ्याला दिलेलं प्रशस्तिपत्र. या माणसाच्या हातचं एकही झाड मेलेलं मी पाहिलं नाही, असं त्यात होतं. बाहेर पडलो तेव्हा गंगूबाई बरोबर होती. मी सहज म्हणालो, "मोठा हात होता म्हाताऱ्याचा." ती चालता चालता थांबली.

"बाबूजी, मरत नाई असं झाड असते का? बकुळी मेली होती ना. विहिरीपासची. चार सालाची होऊन मेली, साहेब पहाडावर गेला होता तवा. भिकाबुवानं त्याच खड्ड्यात दुसरी लावली. माह्या सासूनं माती लोटली. वहीत कोन सांगन? आमच्यात असंच असते, जागा तीच तं झाड तेच. आप्पा झाले ते दुसरीच्या साली."

मी रस्त्यातच उभा राहिलो. चार वर्षं! आप्पा कागदाहून चार वर्षांनी लहान होते. म्हणजे त्यांच्या नोकरीची चार वर्षं मी माझ्या सुंदर अक्षरात खोडून टाकली होती. "मग बोलले का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलोच. ती म्हणाली, "बापाचं पत्र भितीवर लटकलेलं. कसं बोलन? दुसरं काई सुचलं नाई त्यायले. मले म्हने, गंगे, मेंदी भिजव. कढईत भिजवून काळी होयेपर्यंत थांबायचं होतं, तं धीर नाई. तसंच डोकं घेऊन आले... अन् मले तं माहीत होतं सगळं, तरी मी खिडकीतून पळस म्हनाली. जीभच मेली माही अशी."

ती रडली. मग डोळे पुसून तिने उरलेलंही सांगितलं. आप्पा रिटायर झाल्यावर नवा माळी रुजू व्हायला तीन महिने लागले, जेठाच्या उन्हात पाट कोरडा पडला आणि अशोक मेला. आषाढात आप्पांनी घरच्या डब्यातलं रोप आणून त्याच खड्ड्यात लावलं. मी तेव्हा भोपाळात फाइली मोजत होतो. "डब्यातले साल धरायचे नाई, असं म्हने. मातीत गेल्यापासून सात." मी बोटांवर मोजलं. सातवा वसंत हा, येतोय तो. दरवर्षी ते मला खरंच सांगत होते, त्याचं वय झालं नाही. माणसाचंही झालं नव्हतं.

मला सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं, हे मी गेले कित्येक दिवस स्वतःला विचारतो आहे. चार वर्षं राहिले असते तर पाट कोरडा पडला नसता. पहिला अशोक जगला असता, सातव्या वर्षी फुलला असता, आप्पांच्या हाताखाली फुलला असता, आणि मी ते वहीत लिहिलं असतं. पण सांगितलं असतं तर मी काय केलं असतं हेही मला ठाऊक आहे. बकुळीपुढे लाल शाईने शेरा मारला असता. मला ओळखून होते ते.

परवा मी वही काढून बागेत नेली. दुरुस्ती करावी असं मनात होतं. गंगूबाईने वहीवर मातीचा हात ठेवला. "वहीत नका लिहू बाबूजी. लोकायले सांगा." म्हणून हे इथे लिहितो आहे. भिका माळ्याचं एक झाड मेलं होतं, सुपडू माळ्याचंही एक मेलं. दोघांनीही त्याच जागी दुसरं लावलं. वहीत मात्र दोन्ही जिवंत आहेत, तशीच राहोत.

येत्या जूनमध्ये मी रिटायर होतो. खऱ्या वयाने दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवा होतो. काल बाकावर बसून हिशेब करत होतो. आप्पांची चार वर्षं गेली, कुठे गेली कोण जाणे, पण दोन वर्षं फुकटची माझ्याकडे आली, आणि मी ती खुर्चीत बसून वापरली. गंगूबाई विहिरीकडून आली. तिच्या हातात आप्पांची झारी होती, कानाला तेच फडकं. घरच्यांनी तिला दिली होती. तिने ती भरून माझ्यापुढे ठेवली. मी उठलो, अशोकाच्या बुंध्यावर हात फिरवला. गाठ म्हणावी तर गाठ, नाही म्हणावं तर नाही. विचारलं, "यंदा?" ती म्हणाली, "मले काय माहीत? आप्पाले माहीत होतं." मी झारी उचलली आणि बुंध्याशी पाणी ओतायला लागलो.

"बुडाशी नका ओतू," गंगूबाई म्हणाली. "जरासं लांब ओता बाबूजी. मुळं लांब गेली असतीन आता."

मी दोन पावलं मागे सरलो आणि तिथे ओतलं.