कोटागिरीपर्यंत नेलेलं वाक्य

घरच्या कलमांना आंबा लागलेला असताना मे महिन्यात रत्नागिरी सोडून कुणी जात नाही. कमाल सोलकर गेले. वयाच्या एकसष्टाव्या वर्षी, शंभर सीसीच्या गाडीवर, एकटे, थेट निलगिरीच्या डोंगरांपर्यंत.

आरे-वारेच्या किनाऱ्याच्या वरच्या अंगाला कातळावर त्यांचं घर आहे आणि मागे सात कलमं. तीस वर्षं ते बोटीवर इलेक्ट्रिशियन होते. मे उजाडला की ते कुठल्यातरी परक्या समुद्रात असायचे आणि बायको इशरतबी फोनवर सांगायची, यंदा मोहर बरा आला होता. निवृत्त होऊन आले तेव्हा गावाला वाटलं, आता हा माणूस पडवीत खुर्ची टाकून बसेल. कमालभाईंनी पहिल्याच आठवड्यात मशिदीच्या पंपाची मोटर खोलली. मग शाळेची, मग कुणाकुणाचे मिक्सर, होड्यांच्या बॅटऱ्या. काम झालं की एक रीत ठरलेली. ज्याची वस्तू त्याला समोर उभं करायचं, काय बिघडलं होतं, काय केलं, आता काय करायचं नाही, सगळं सांगायचं आणि मग त्याच्याच तोंडून परत म्हणवून घ्यायचं.

"बोल, काय सांगितलं मी?"

म्हातारी माणसं वैतागायची, तरणी नक्कल करायची. कमालभाई सोडायचे नाहीत. ही रीत त्यांना का लागली, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

अकरा वर्षांपूर्वी बोटीच्या स्वयंपाकघरात तळणीचं मशीन अडलं. तापमानाचं बटण काम करीना. सुटा भाग पुढच्या बंदरात मिळणार होता आणि तीस माणसांचं जेवण व्हायचं होतं. कमालभाईंनी एक तार टाकून बटणाला बगल दिली. मशीन चालू झालं, पण आता ते बटणानं बंद होणार नव्हतं. भिंतीवरच्या मोठ्या स्विचनंच होणार होतं. एवढं कुकला, म्हणजे शिवाला, सांगायचं होतं. तेवढ्यात खालून इंजिनरूममधून हाक आली. ते गेले आणि विसरले. शिवानं रोजच्यासारखं बटण फिरवलं, दार ओढलं, झोपायला गेला. तेल तापत राहिलं.

आग फार पसरली नाही. विझवताना शिवाचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. चौकशीत तो एकच सांगत राहिला, मी बटण बंद केलं होतं. पण धूर निवळता निवळताच कमालभाईंनी जळकी तार काढून समुद्रात टाकली होती. कॅप्टननं लिहिलं, कुकचा निष्काळजीपणा. पुढच्या बंदराला शिवा उतरला आणि परत त्याला बोट मिळाली नाही. रमजानात पहाटे तीनला उठून कमालभाईंसाठी गरम पराठे करणारा माणूस होता तो.

इशरतबीला त्यांनी हे यंदाच्या रमजानात सांगितलं. ती म्हणाली, "फोन करून सांगा त्याला."

"फोनवर तोंड दिसत नाही."

"आता दिसतं. उमेर लावून देईल."

"इशरत, तार मी त्याच्या पाठीमागे फेकली. आता तरी समोर जाऊन बोलू दे."

मुलगा उमेर म्हणाला, "अब्बा, मग विमानानं जा. दोन तासांत कोइमतूर."

"दोन तासांत माझ्यानं तोंड नाही उघडायचं. आठ दिवस तरी लागतील."

म्हणून गाडी. आणि रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून आंबे. बोटीवर शिवा चेष्टा करायचा की कमालचा हापूस ही नुसती सांगायची गोष्ट आहे, पाहिलाय कुणी. कमालभाईंनी स्वतः झेल्यानं, म्हणजे जाळी लावलेल्या काठीनं, दोन डझन फळ उतरवलं. कोकणातली माणसं फळाची तयारी आण्यांत मोजतात. यांनी बेतानं बारा आणे तयार झालेलं निवडलं, भाताच्या पेंढ्यात रचलं आणि पेटी मागच्या सीटवर बांधली. हिशेब असा की नवव्या दिवशी आंबा अंगठ्याखाली नरम लागेल. शिवा पहिली फोड तोंडात घालील, त्याचा चेहरा फुलेल आणि त्या क्षणी आपण वाक्य बोलून टाकू. इशरतबीला हा बेत त्यांनी सांगितला नाही. ती हसली असती.

आंबा घाट चढून ते देशावर आले, बेळगावहून परत डोंगराला लागले. दिवसाला दीडशे किलोमीटर, त्याहून जास्त नाही. तिसऱ्या प्रहरी, अस्रच्या नमाजाच्या वेळी, गाडी थांबलीच पाहिजे. डाव्या कानानं त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून इंजिन ते गुडघ्यांनी ऐकतात. चढावर टाकीला गुडघे लावून बसतात आणि थरथर बदलली की गिअर बदलतात. ट्रकवाले मागून हॉर्न देत, ते कडेला होत, हात हलवून त्यांना पुढे घालवत. वळणावर एखादं जुनं झाड दिसलं की उतरून त्याच्या खोडावर हात ठेवत. समुद्रात तीस वर्षं काढलेल्या माणसाला जागच्या जागी उभ्या असलेल्या गोष्टींचं फार अप्रूप असतं.

शिरसीजवळ गुरुप्रसाद राहतो. तोही त्याच बोटीवरचा, आता सुपारीच्या बागेत रमलेला. त्याला मोडकं मराठी येतं.

"कमाल, या वयात डोंगर? बायकोनं घालवलं काय?"

"तिनं सुपारी दिली तुझी. म्हणून आलो."

जेवताना शिवाचं नाव निघालं. गुरुप्रसाद म्हणाला, "त्याच्याकडे जातोस? जा. माझा फोन उचलत नाही तो. कुणाचाच नाही. त्या आगीचं त्यानं फार मनावर घेतलं." मग ताकाचा पेला खाली ठेवून, "चुका होतात रे माणसाच्या. त्यानं मान्य करून टाकायचं होतं, सुटला असता."

इथेच सांगावं, असं कमालभाईंना वाटून गेलं. पण पहिला हक्क शिवाचा होता. ते दुसऱ्या दिवशी उजाडताच निघाले.

चिकमगळूर, मडिकेरी, मग गुडलूरची चढण. कॉफीचे मळे मागे पडले, चहाचे सुरू झाले. रोज संध्याकाळी ते पेटीचं झाकण किलकिलं करून वास घेत. शिरसीला वास लागला होता. मडिकेरीला तो तेवढाच होता. उटीला स्वेटरवर जॅकेट चढवून वाकले तेव्हा नुसता पेंढा हुंगल्यासारखं झालं. हापूस दहा दिवसांत पिकतो, हे त्यांनी जन्मभर ऐकलं होतं. तो रत्नागिरीच्या उकाड्यात पिकतो, हे कुणी बोलत नाही, कारण रत्नागिरीत दुसरी हवाच नाही. सोळा देशांचं हवामान पाहिलेला माणूस घरचा आंबा घेऊन निघाला आणि थंडी विसरला.

कोटागिरीच्या अलीकडे रस्त्यालगत शिवाचं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे. चार बाकं, मागे घर, त्यामागे चहाच्या झुडपांचा उतार. शिवानं गाडी पाहिली, नंबर पाहिला, मग माणूस. हसला नाही. पण खुर्ची पुढे केली. बोलणं बोटीवरच्या हिंदीत झालं.

"एवढ्या लांब? या फटफटीवर?"

"आंबे आणलेत."

शिवानं पेटीतून एक फळ उचललं आणि बाकावर आपटलं. टक्‌ असा आवाज आला. "कमाल, हा आंबा आहे की बोटीचा नांगर?" आता मात्र तो हसला.

कमालभाईंचा बेत तिथेच मोडला. त्यांनी मनात नवा बेत केला: राहू, पिकेपर्यंत थांबू, आठ दिवसांनी बोलू. चांगला बेत होता. दुपारी गिऱ्हाईक सरलं तेव्हा शिवानं शेगडी बंद केली. सिलिंडरची चावी फिरवली. वाकून कान लावला. दारापर्यंत गेला, परत आला, चावी पुन्हा चाचपली. कुलूप घातलं, काढलं, पुन्हा आत गेला.

त्याची बायको कमालभाईंना म्हणाली, "आज तीनदाच. पाहुणे आहेत ना. भाचीच्या लग्नाला निघालो होतो, अर्ध्या वाटेवरून बस सोडून परत आले हे."

"हात विसरतो माझा," शिवा म्हणाला. सहज म्हणाला, पाऊस पडतोय असं म्हणावं तसं. "एकदा विसरला. भरवसा राहिला नाही."

नोकरी गेली एवढंच कमालभाईंनी इतकी वर्षं धरलं होतं. हे त्यांना माहीत नव्हतं.

"शिवा," ते म्हणाले, "तू बटण बंद केलं होतंस."

"कुठलं?"

"बोटीवरचं."

मग त्यांनी सगळं सांगितलं. तार, इंजिनरूमची हाक, विसरणं, समुद्रात फेकणं. शिवानं मध्ये एकदाच विचारलं, "तार कुठून कुठे?" कमालभाईंनी बाकावर सांडलेल्या चहात बोट बुडवून आकृती काढली. शिवा ती वाळेपर्यंत बघत राहिला.

"म्हणजे मी बंद केलं होतं."

"केलं होतंस."

शिवा उठून मागच्या उतारावर गेला. तिथे पाठमोरा उभा राहिला. कमालभाईंनी बॅग उचलून गाडीला बांधायला घेतली. दोरीची गाठ मारून झाली तेव्हा तो मागे उभा होता.

"कुठे निघालास?"

"तू म्हणशील तर..."

"मी अजून काही म्हटलं नाही. आत ये. हिला सांग."

त्यांनी तिला सांगितलं. तिनं पदराला हात पुसले आणि म्हणाली, "जेवायला वाढीन. बोलणार नाही तुमच्याशी." ती दिलेला शब्द पाळणारी बाई निघाली. सकाळी कमालभाई उठले तेव्हा चोवीसही हापूस चिरून मीठ-मिरचीत पडले होते. रत्नागिरीत हापूसचं लोणचं घालणाऱ्या घरी सोयरीक करायला लोक दहादा विचार करतील. कमालभाईंनी ते लोणचं मुकाट्यानं भाकरीशी खाल्लं आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं.

दोन दिवस शिवा त्यांना घेऊन हिंडला. भावाला सांग. शेजारच्या चहावाल्याला सांग. मेहुण्याला सांग, तोच मला विसरभोळा म्हणायचा. कमालभाई प्रत्येक ठिकाणी उभं राहून पहिल्यापासून सांगत. एकदाही त्यांनी घाईत उरकलं नाही, एकदाही स्वतःला सोडवणारा शब्द घातला नाही. चौथ्या घरी तारेचं फेकणं सांगताना ते थांबले, तर शिवा म्हणाला, "पाणी पी. मग पुढचं."

तिसऱ्या दिवशी शिवा म्हणाला, "वरच्या गावात आमचा मुखिया आहे. देवळाच्या उत्सवात चुलीवर माझा बाप असायचा, मग मी. अकरा वर्षं मला विस्तवाजवळ बसू देत नाहीत. तुझी गाडी दोघांना ओढेल?"

"पहिल्या गिअरात ओढेल."

ती ओढली. शिवाचा भाजलेला हात त्यांच्या खांद्यावर होता.

मुखिया म्हातारा, ओसरीवर उन्हाला बसलेला. त्याला हिंदी येत नव्हती. कमालभाई एक वाक्य बोलायचे, शिवा ते गावच्या बडगा बोलीत सांगायचा. तार झाली, हाक झाली, विसरणं झालं. मग कमालभाई म्हणाले, "यानं बटण बंद केलं होतं," आणि थांबले. शिवाही थांबला. मुखियानं मान वर केली. शिवानं ते वाक्य खालच्या आवाजात म्हटलं. मग कुणी विचारलं नसताना पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, ओसरीच्या टोकाला बसलेल्या बायकांनाही ऐकू जाईल असं.

म्हातारा कमालभाईंकडे बराच वेळ बघत होता. ती नजर गोड नव्हती, आणि कमालभाईंनी ती चुकवली नाही. मग त्यानं शिवाला काहीतरी विचारलं. शिवानं उत्तर दिलं आणि हाताच्या पाठीनं नाक पुसलं.

"काय म्हणाले?" कमालभाईंनी विचारलं.

"यंदा चुलीची लाकडं आम्ही आणायची की तू निवडणार, असं विचारतात."

"तू काय म्हणालास?"

"मी निवडतो म्हटलं." शिवा ओसरीवरून उतरला. "चल. लाकडं या उताराच्या मागे आहेत. आणि आज निघायचं बोलू नकोस, दोघांचं काम आहे."