येसाजीने मोटार बुटकी केली

"दारानं वाढू नये, माणसानं वाकावं."

येसाजी हे कुणालाही ऐकवायचा. सासूसुनेचं वाजलं, जावई रुसून ओटीवर बसला, दोन भावांत बांधावरून जुंपली, की येसाजी तिथं जाऊन हे एकच वाक्य टाकायचा आणि तंबाखू मळत बसायचा. आमच्या वाडीतली घरं बुटक्या दारांची. नवखा माणूस कपाळ आपटून घेतो आणि मग जन्मभर वाकून आत येतो. येसाजी त्याच दारांतून वाढलेला. मुंबईत टॅक्सी चालवण्यात उमर गेली, पण त्याची मान वाडीचीच राहिली.

आमची वाडी वरंधच्या वर, डोंगराच्या खांद्यावर बसलेली. खाली डांबरी रस्ता दिसतो, करपलेल्या भाकरीच्या काठासारखा काळसर. पण त्याच्यापर्यंत जायचं तर मध्ये पऱ्या, डोंगरातला ओढा, आडवा येतो. वाडीनं श्रमदानानं मातीचा रस्ता काढला, पऱ्यात दगडांची फरशी बसवली. त्याच्याआधी आजारी माणूस डोलीतूनच खाली जायचा. येसाजीची आई तशीच निघाली होती आणि पऱ्याच्या अलीकडेच संपली. येसाजी त्या दिवशी मुंबईत कुणाच्या तरी आईला हॉस्पिटलात सोडत होता. हे तो एवढंच सांगायचा.

म्हणून टॅक्सीचं काम सुटलं तेव्हा त्यानं ती जुनी फियाट विकली नाही. कागद बदलून घेतले, आभाळी रंग दिला आणि मुंबईहून गाडी थेट वाडीत आणली. देवळापुढं नारळ फोडला आणि सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आता हितनं डोली निघायची नाय. कुणाला कायबी झालं तर माझ्या दाराशी यायचं. टाइम बघायचा नाय."

शब्द त्यानं पाळला. शेजारच्या हैबतीच्या नातवाला विंचू डसला तेव्हा पोर रडून थकायच्या आत ते महाडच्या दवाखान्यात होतं.

पण पावसाळा आला आणि गाडी रुसली. आमच्याकडचा पाऊस नुसता पडत नाही, तो आडवा शिरतो. बॉनेटखाली पाणी जाई आणि सकाळी कितीही किल्ली फिरवली तरी गाडी नुसती खोकायची. ताडपत्री घातली, ती वाऱ्यानं उडून हैबतीच्या आंब्यावर जाऊन बसली. महाडचा कुशाबा मिस्त्री म्हणाला, "काका, हिला कोरडी ठेवा. बाकी हिच्यात काय वाईट नाय."

कोरडं छप्पर वाडीत एकच, येसाजीच्या घराला लागून असलेला गोठा. त्यानं गाई हलवायचं ठरवलं आणि त्याची बायको रंगूबाई दोन दिवस भांडी आपटत राहिली. मग गाई पडवीत बांधताना म्हणाली, "बरोबर हाय. गाय भिजली तर चालंल, मोटारीला सर्दी व्हता कामा नये."

"गो, गाय काय तुला महाडला नेणार हाय?"

"मला कशाला न्यायला पायजे? तुमच्याशी बोलून मी हितंच मरंन."

गाई निघाल्या, पण गाडी आत जाईना. टपावरचा कॅरियर काढला तरी दाराची उंची चार बोटं कमी पडत होती. खाली खणावं तर कातळ. चाकांतली हवा काढून गाडी आत ढकलायची आणि सकाळी पंपानं भरायची, हा खेळ काही दिवस चालला. पण हवा भरत बसायचं तर आजाऱ्यानं तोवर काय करायचं? शेवटी हैबती म्हणाला, "येसादादा, दारावरची तुळई खालनं जरा तासू. चार बोटांचं तर काम."

येसाजीनं त्याच्याकडे असं पाहिलं की हैबतीनं विडी विझवली. ती तुळई घरातून सरळ गोठ्यात गेलेली, येसाजीच्या बापानं जंगलातून खांद्यावर आणून चढवलेली. बापानं चढवलेल्या तुळईला लेकानं लोखंड लावायचं नाही, ही आमच्याकडची रीत. लावलं तर घराचं छप्पर नाही, घराचं नाव खाली येतं म्हणतात.

"तुळई ऱ्हाऊ दे," येसाजी म्हणाला. "गाडीलाच वाकवतो."

कुशाबाला आधी हसू आलं. "काका, शहरातली पोरं गाडी खाली बसवून घेतात ती शायनिंग मारायला. तुमचं काय?"

"मला दिसायला नको रे. शिरायला पायजे."

कुशाबानं गाडी उचलली, पुढच्या दोन्ही स्प्रिंगा साखळीनं जखडून बाहेर काढल्या. गॅसनं कापणार नाही म्हणाला. आचेनं पोलाद मऊ पडतं आणि मग स्प्रिंग दबते ती दबतेच. करवतीनं सावकाश कापत बसला. एक वेढा गेला. येसाजीनं बोटं लावून पाहिली आणि म्हणाला, "अजून अर्धा." मागच्या कमानीतला एकेक पाटा काढला. गाडी जमिनीवर उतरली ती पाण्यात बसलेल्या म्हशीसारखी.

"कापलेलं पुन्हा जोडता येत नाय हां," कुशाबानं बजावलं.

येसाजी एकटाच ती घेऊन आला. पऱ्यावरच्या फरशीवर खास थांबला, उतरून खाली वाकून बघितलं. पोट दगडाला लागत नव्हतं. खूश होऊन त्यानं हॉर्न दिला आणि गाडी गोठ्यात अशी घातली, जशी म्यानात तलवार. भर पावसात ती एका किल्लीत सुरू व्हायला लागली. सगळं जमलं होतं. फक्त एक गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही, आणि आमच्यापैकीही कुणाच्या आली नाही: फरशीवरून गेली होती ती रिकामी गाडी होती.

श्रावणात हैबतीची बायको चंद्रभागा पोट धरून आडवी झाली. चेहरा राखेसारखा. येसाजीनं चपलाही घातल्या नाहीत. गाडी निघाली. मागं चंद्रभागा, तिला धरून हैबती आणि त्याची बहीण, पुढं रंगूबाई, हातात पाण्याचा तांब्या. पऱ्याच्या फरशीवर गाडी चढली आणि खालून असा आवाज आला की पाण्याच्या आवाजातही तो वेगळा कळला. दगडानं इंजिनाखालचं ऑईलचं चेंबर फोडलं होतं. काळं ऑईल पऱ्याच्या पाण्यात पसरत गेलं. गाडी दोन उचक्या देऊन थांबली.

मागून चंद्रभागा म्हणाली, "भावजी, पोचलो काय?"

हैबती वाडीकडे पळाला. आम्ही घोंगडी आणि बांबू घेऊन आलो, डोली बांधली. येसाजीनं पुढचा खांदा धरला. "तू सोड, वय झालंय," म्हटलं, तर त्यानं ऐकलंच नाही. अनवाणी, चिखलातून, डांबरी रस्त्यापर्यंत त्यानं खांदा बदलू दिला नाही. खाली दुधाचा टेंपो मिळाला. चंद्रभागेचं ऑपरेशन झालं. ती वाचली.

येसाजी मात्र ओटीवर दिसेनासा झाला. हैबती दाराशी येऊन बसायचा. "दादा, ती बरी हाय. पेज जेवते. मला शिव्या घालते. तू तोंड का लपवतोस?"

एकदा आतून आवाज आला. "माझ्या आईला लोकांनी नेलं तवा मी नव्हतो. चंद्रभागेला नेलं तवा मी होतो, तरी डोलीच लागली."

कुशाबानं पोलादपूरला भंगारात पडलेल्या एका फियाटच्या अख्ख्या स्प्रिंगा शोधून आणल्या. मागचे पाटे परत घातले, चेंबर बदललं. गाडी पुन्हा उंच झाली, म्हणजे पुन्हा गोठ्याबाहेर आली. पाऊस तर अजून भाद्रपद संपेपर्यंत होता.

रंगूबाईनं गाई गोठ्यात आणून बांधल्या आणि वैतागून म्हणाली, "हिला हितं जागा नाय, तर तुमी जावा की तिच्यासंगं खाली. सडकेवरच्या भातगिरणीची शेड मोकळी पडलीया."

ती टोमणा मारत होती. येसाजी तिच्याकडे बघतच राहिला. माझ्या दाराशी या, असं तो वाडीला म्हणाला होता. गाडीच्या दाराशी आपणच जाऊन बसावं, हे त्याला सुचलंच नव्हतं.

"वरनं कुणी पळत आला," तो हळूच म्हणाला, "की मी गाडी वर आणीन. आता फरशीला लागायची नाय."

"आणि जेवायचं?"

"तू भाकरी पाठव."

"चटणीसंगं खावी लागंल."

दुसऱ्या दिवशी पाऊस जरा उघडला. येसाजीनं घोंगडी, चटई आणि टॉर्च एका काठीला बांधली. गाडी त्यानं आदल्या दिवशीच गिरणीत नेऊन लावली होती, म्हणून तो पायी निघाला. रंगूबाई गोठ्यात धार काढत होती. ती बाहेर आली नाही, पण चरवीत पडणारी धार तेवढ्यापुरती थांबली. चंद्रभागा तिच्या ओटीवर उशीला टेकून बसली होती, पोटावर हात ठेवून. पऱ्याच्या फरशीवर तो पोचला, पलीकडे गेला, वळणावर काठीचं टोक दिसलं, मग तेही गेलं. चंद्रभागा तिकडेच बघत बसली.