पट्टा कुणाच्या अंगावर होता

त्या सकाळी धोंडू माझ्या टेबलाशी आला तो काखेत बॅनरची गुंडाळी घेऊन. महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा सप्ताह सुरू व्हायचा होता, मोठे साहेब यायचे होते. म्हणून कारखान्याच्या एकुलत्या एक सुरक्षा पर्यवेक्षकाला, म्हणजे त्याला, फाटकावर चढून बॅनर बांधायला आणि कामगारांकडून शपथेची तालीम करून घ्यायला धाडलं होतं. "मागच्या टाकीचं परमिट आत्ता देऊ नको," तो म्हणाला. "मी येतो, मीटर सोडतो, मग दे. चार दिस बंद हाय ती." मी मान डोलावली. तो गेला. आमचं शेवटचं बोलणं हे एवढंच... आणि त्यातली मान डोलावणारी बाजू माझी.

आम्ही एकाच वर्षी कामाला लागलो. मी महाडातला, केमिस्ट. तो पोलादपूरकडच्या डोंगरातल्या वाडीचा, हेल्पर. भाऊ मुंबईला गेले, हा भातशेती आणि म्हातारे आईबाप सांभाळत मागे राहिला. चारचौघांत मला 'साहेब' म्हणायचा, एकटे असलो की 'अरे'. एका उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायचा म्हणून त्याने मला वाडीवर नेलं होतं. माणूस उतरवण्याआधी त्याच्या वडिलांनी दोरीला कंदील बांधून विहिरीत सोडला. अर्ध्यावर जाऊन तो विझला. म्हातारा आंब्याची डहाळी तोडून, दोरीला बांधून, वर-खाली करत हवा घुसळत राहिला. दुसरा कंदील तळाशी जळत राहिला तेव्हाच माणसं उतरली. बाजूला उभा राहून मी चुळबुळत होतो, तेव्हा म्हातारा म्हणाला, "घाई हाय तर घरी जा. हीर कुटं पळत नाय."

पुढे धोंडू सुरक्षेच्या कामावर गेला तेव्हा हीच गोष्ट तो रोज सकाळी नव्या माणसांना सांगायचा. आमच्या टाक्यांजवळ कंदील न्यायचा नाही, भडका उडेल, म्हणून हवेतला प्राणवायू मोजणारा मीटर. "मीटर म्हंजे आपला कंदीलच, पर आग नसलेला," असं म्हणायचा. पोरं हसायची, पण टाकीपाशी गेली की मीटर मागायची. इंग्रजी भित्तिपत्रकांनी जे साधलं नाही ते त्या कंदिलानं साधलं, हे मी स्वतः पाहिलं आहे. वरच्या लोकांना मात्र तो खुपायचा. तो काम थांबवतो, अशी तक्रार असायची. अरे, त्याचं कामच ते होतं.

आणि मी? मी कागदी घोडे नाचवणारा माणूस. टाकीत माणूस उतरवायचा तर शिफ्टच्या प्रमुखाने, म्हणजे मी, परवान्यावर प्राणवायूचा आकडा लिहून सही करायची. मोकळ्या हवेत तो वीस पूर्णांक नऊ दशांश टक्के असतो. आमच्याकडे तो टेबलावर बसूनच लिहायची पद्धत होती. सकाळी चहाबरोबर चार-पाच परवाने, सगळ्यांवर तोच आकडा. धोंडू त्यावरून माझ्याशी भांडायचा. एकदा तर त्याने माझ्यासमोर परवाना फाडला होता आणि आठवडाभर बोलला नव्हता. त्यानंतर मी सुधारलो, असं त्याला वाटत होतं.

त्या दिवशी ठेकेदार डोक्यावर येऊन बसला. साहेब येण्याआधी टाकी साफ हवी होती. मीटर खणात होता, त्याची बॅटरी उतरलेली होती. मी वीस पूर्णांक नऊ लिहिलं आणि सही केली. ठेकेदाराचा कामगार उतरला आणि तळाशी कोसळला. ओरडा ऐकून धोंडू फाटकावरून धावत आला. उंचावर बॅनर बांधायचा म्हणून स्वतःचा सुरक्षापट्टा त्याच्या अंगावरच होता. पडलेल्यामागे कधी उडी मारायची नाही, हे आयुष्यभर शिकवणारा माणूस तो. उतरला कसा, असं सगळे विचारतात. टाकीच्या तोंडाशी उभ्या असलेल्या फिटरने मला नंतर सांगितलं, "धोंडूदादांनी कागद वाचला. बोलले, हवा बरी हाय, साहेबांनी बघितलीय. ह्याला फिट आली असंल." पट्ट्याला दोर लावून तो उतरला. खाली प्राणवायू नाही हे त्याला कळलं असावं, कारण त्याने पट्टा काढून त्या माणसाला बांधला आणि दोर हलवला. तो कामगार वर आला, वाचला. दोर पुन्हा खाली सोडला, तो बांधून घ्यायला कुणी शुद्धीवर नव्हतं.

चौकशीत लिहिलं गेलं: परवाना पूर्ण होता, हवेची नोंद योग्य होती, मयताच्या अंगावर पट्टा नव्हता. प्रत्येक वाक्याखाली कागद आहे, आणि मिळून सगळं खोटं आहे. शोकसभेत मेल्या म्हशीला मणभर दूध निघतं म्हणतात; आमच्याकडे तेही निघालं नाही. "शिस्तीचा माणूस, पण एका क्षणाचा निष्काळजीपणा भोवला," असं मोठे साहेब म्हणाले आणि मग सगळ्यांना उभं करून तीच सुरक्षेची शपथ दिली. मी दुसऱ्या रांगेत होतो. हात पुढे करून मीही ती म्हटली. स्वतःची एवढी किळस मला कधी आली नव्हती.

वाडीवर जायला मला पाच आठवडे लागले. गेलो तेही ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखा, चौकशी करून परतायच्या बेताने. धोंडूची बायको सुनंदावहिनी अंगणात शिडी ओढत होती. "बरं झालं आलात, भावजी. कंपनीनं यांचे ट्रेनिंगचे दाखले मागितलेत. कायतरी मान करणार असतील. पेटी माळ्यावर हाय." ते दाखले कशाला हवेत हे मला ठाऊक होतं. सगळं शिकूनही चुकला, असं दाखवायला. तिने शिडी माळ्याला लावली आणि थांबली. "धरा ना. खाली कुणी धरल्याबिगर आमच्यात कुणी चढत नाय. यांनी आजवर चढू दिलं नाय."

मी दोन्ही हातांनी शिडी धरली. ती वर गेली, पेटीचं झाकण वाजलं, आणि कागद घेऊन ती उतरायला लागली तेव्हा मी खालूनच बोललो. दाखले कशाला मागितलेत ते सांगितलं. मीटर न सोडता आकडा मी लिहिला, तो वाचून धोंडू उतरला, आणि पट्टा त्याने दुसऱ्याला बांधला, हेही सांगितलं. ती मधल्या पायरीवर थांबली. मला वाटलं, तोल जाईल.

"आधी मला खाली येऊ द्या," ती म्हणाली. "हात काढू नका."

ती उतरली. माझ्याकडे न बघता तिने शिडी काढली आणि भिंतीशी आडवी ठेवली. काम झालं की शिडी उभी ठेवायची नाही, ही त्या घरातली सक्ती. मग दाखले पदराखाली घेऊन ती पायरीवर बसली.

"आता हे सगळं लिहून द्या, भावजी," ती म्हणाली. "मला वाचता येईल अशा अक्षरात."