गोरज मुहूर्त आणि मोटरीचं कुलूप

मंडळी, पंगत बसली तरी माझ्या जिवाची धडधड थांबलेली नाही, म्हणून तुमच्यापाशी मन मोकळं करतो.

आज ब्राह्मणपुरीत आमच्या सखूचं लग्न, तेही गोरज मुहूर्तावर. तिचा शालू नि मंगळसूत्र मामाच्या नव्या कोऱ्या मोटरीत सांभाळून ठेवलेलं, आणि दाराचं कुलूप किल्लीने फिरेना! दुसरं दार आतूनच उघडणारं. तिकडे शिवारातून परतणाऱ्या गाईंची धूळ दिसू लागली.

"काच फोडी टाकू का?" मामा म्हणाला.

"शुभकार्यमा काच फोडतस का रे?" सखूची आई कळवळली. "आप्पा, तुम्हीच काहीतरी करा ना!"

दिसेल ते यंत्र खोलून पाहायची माझी खोड सगळ्यांना ठाऊक. जोर लावला तर किल्लीच तुटायची. वाकून पाहतो तर किल्लीच्या भोकात मुंग्यांची रांग!

"इथे गोड कुणी घातलं?"

सखूची आत्या पदर तोंडाशी धरून म्हणाली, "मीच सकाय गूय भरा. नवी मोटर, तिनं तोंड गोड नको का करानं?"

सकाळचा तो गूळ विरघळवायला चुलीवरची गरम पाण्याची किटली मागवली, भोकात बारीक धार सोडली आणि किल्ली हळूहळू हलवत राहिलो. गुळाचं पाणी गळून गेलं नि कट्‌कन कुलूप फिरलं. गाई वेशीत शिरल्या तेव्हा सखू शालू नेसून बोहल्यावर उभी होती.

आता नवरीला निरोप द्यायला आत्या पुन्हा गुळाचा खडा घेऊन मोटरीपाशी उभी आहे. मंडळी, मोटरीचं तोंड नेमकं कुठे असतं, लवकर सांगा!